सातांमधला दुसरा

१

त्या वर्षी ऑस्मंड स्ट्रँडच्या थोरल्या नातीचं लग्न झालं, म्हणून साल पक्कं लक्षात आहे: दोन हजार नऊ. मे महिन्यातला दुसरा शनिवार, नऊ तारीख. नवरदेवाची फेरीबोट चुकली, वऱ्हाड दोन तास तिष्ठत बसलं, भाजलेला सामन मासा थंड झाला, आणि तरीही सगळं हॅलम बे गाव संध्याकाळपर्यंत सभागृहात नाचलं. दुकानं बंद होती, रस्ते ओस. त्या दिवशी भिंतीवरच्या माणसांशिवाय रस्त्यावर कोणी नव्हतं, असं पुढे लोक म्हणत.

रविवारी सकाळी ऑस्मंड नेहमीप्रमाणे बादली आणि फडकं घेऊन निघाला. नातीचं लग्न झालं म्हणून समुद्रपक्षी काही भिंतींवर घाण करायचे थांबत नाहीत. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण भिंती धुण्याचं काम त्याने कुणाला दिलं नव्हतं.

गावात एकतीस चित्रं होती. लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा गाव मरायला टेकलं होतं. कुणाच्या तरी डोक्यात आलं की जुने फोटो शोधून भिंतींवर मोठे रंगवावे. रंगवले, आणि लोक बसगाड्या भरभरून बघायला येऊ लागले. ज्या माणसांनी हयातभर ओंडके ओढले, ती मेल्यावर गावाला पोसू लागली.

नववं चित्र होतं जुन्या खिळे-मोळ्यांच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर. ‘गिरणीची पाळी, १९३७.’ सात कामगार ओळीने उभे, प्रत्येक खऱ्या माणसाहून वीतभर उंच, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले. त्यांच्या मागे मोठी गोल करवत आणि ओंडका वाहून नेणारी गाडी.

ऑस्मंडने बादली खाली ठेवली आणि तो तसाच वाकलेला राहिला.

डावीकडून दुसऱ्या माणसाला तोंड नव्हतं.

कॉलर होती, टोपी होती. दोहोंच्या मधे पांढरा गिलावा. कुणीतरी नाक, डोळे, ओठ, सगळं खरवडून काढलं होतं.

खाली पितळी पाटीवर सात नावं होती, डावीकडून क्रमाने. दुसरं नाव: अँगस मॅक्रिमन, मुकादम.

ऑस्मंडने जमिनीकडे पाहिलं. एवढं खरवडल्यावर खाली रंगाचा खच पडायला हवा होता. खाली कणही नव्हता. ज्याने तोंड काढलं, त्याने जाताना जागा झाडूनही घेतली होती.

२

“हे असलं काम बाहेरचा माणूस करतो होय?” कॅलम मॅक्रिमन म्हणाला. “बाहेरचा माणूस मिशा काढतो, शिव्या लिहितो. हे कुणीतरी माझ्या आजोबाला ओळखून केलंय.”

कॅलम हा त्या मुकादमाचा नातू. सहा वर्षांपूर्वी शहरातून परत येऊन त्याने गावात बेकरी टाकली होती. उंच, बोलका, आणि उजवी पापणी जरा खाली आलेली, त्यामुळे तो सतत डोळा मारतोय असं वाटे. त्याच्या बापाचीही पापणी तशीच होती.

चित्रसमितीची अध्यक्ष बेरिल टकवेल टेबलावर बोटं वाजवत होती. “पोलिसांना बोलवायचं तर पलीकडच्या गावातून यावं लागेल. बोर्ड लागतील, पिवळी फीत लागेल. ऐन हंगामात?”

“लागू दे फीत!”

“तुझ्या आजोबाच्या तोंडासाठी मी तीस भिंतींना कुलूप लावू?”

“बेरिल, तुला ती भिंत नकोच होती. तुला तिथं देवमासे हवे होते.”

“हवे होते! लोकांना देवमासे आवडतात. घामट टोप्यावाले सात जण बघायला कोण थांबतं?”

“मी थांबतो,” ऑस्मंड म्हणाला.

“ऑस्मंडकाका,” कॅलम जरा खालच्या आवाजात म्हणाला, “मी रोज पहाटे पाव भट्टीत घातले की त्या भिंतीपुढून जातो. म्हाताऱ्याला हात दाखवतो. हसू नका. लोक मला म्हणतात, तुझं तोंड काही आजोबासारखं नाही. मी म्हणतो, त्या चित्रकारणीने माझ्या आजोबाला पाद्र्याचं तोंड लावलंय. पण घरात फोटो एक नाही. मला तेवढंच तोंड माहीत आहे.”

“मला पंधरवडा दे,” ऑस्मंड म्हणाला.

“एक आठवडा. मग मी फोन करणार. आणि जो कोणी असेल त्याला कोर्टात उभा करणार, मग तो कितीही म्हातारा असो.”

कॅलमने ‘म्हातारा’ का म्हटलं, हे ऑस्मंडने विचारलं नाही. गावात मुकादमाचा राग धरणारं घर एकच होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

३

त्या घरात लेम्पी साल्मेला एकटी राहत होती, ठेंगणी, वय सत्याहत्तर. तिचा बाप तोईवो फिनलंडहून आलेला. चित्रातला डावीकडून सहावा. १९३८ सालच्या नऊ मेला तो करवतीखालच्या खड्ड्यात भुसा काढायला उतरला होता. वर मुकादमाने पाळीला उशीर होतो म्हणून, खाली कोण आहे हे न विचारता, करवत सुरू करायला सांगितलं. चौकशीत ‘अपघात’ लिहिलं गेलं, आणि मुकादम त्याच वर्षी गाव सोडून गेला तो पुन्हा आला नाही. लेम्पी तेव्हा सहा वर्षांची. पुढे घराला आग लागली, त्यात बापाचे दोन फोटो होते, तेही गेले. मग १९८६ मध्ये भिंतीवर बाप परत आला. त्या दिवसापासून ती बाजारातून जाता-येता सहाव्या माणसाच्या गालाला हात लावी. तेवीस वर्षं. तो गाल इतका गुळगुळीत झाला होता की ऑस्मंड धुताना तेवढा भाग सोडून देई.

मॅक्रिमन घराण्यातल्या कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, अशी तिच्या आईने तिला शपथ घातली होती. कॅलम समोरून आला की ती रस्ता ओलांडायची.

दरवर्षी नऊ मेला ती भिंतीपाशी वेलदोड्याचा गोड पाव ठेवी आणि ऑस्मंड तिच्यासोबत जाई. या वर्षी नऊ मेला लग्न होतं. ऑस्मंड विसरला होता. तिने लग्नाला पाव पाठवले आणि निरोप दिला, बरं वाटत नाही.

हे सगळं ऑस्मंडला माहीत होतं, पण मनात आणायचं नव्हतं. म्हणून तो आधी इतरांकडे गेला.

लग्नाला न आलेली दुसरी बाई म्हणजे सोलांज त्रेपानिए. तिनेच ते चित्र काढलेलं. दर उन्हाळ्यात क्यूबेकहून येऊन ती रंग ताजे करून जाई. समितीने गेल्या साली तिला न विचारता दुसऱ्या कुणाकडून आकाश रंगवून घेतलं होतं, तेव्हा ती ओरडली होती, की एक दिवस मीच सगळं खरवडून टाकीन.

“आलास?” ती खोलीच्या पायरीवर सिगारेट ओढत होती. “बेड्या कुठायत?”

“खरवडलंस का ते सांग, मग आणतो.”

“माझ्याकडे एवढी रुंद पट्टी आहे.” तिने वीतभर हात पसरला. “मी दोन तासांत सगळी भिंत गोरी करीन. तो वेडा प्रकार मी बघितला. बोटभर पात्याने, लहान लहान ओरखडे. आणि टोपी ठेवली. का ठेवली? हात पोचला नाही म्हणून. मला बघ.” ती उभी राहिली. ऑस्मंडपेक्षा चांगली चार बोटं उंच.

“मान्य. आता जो रंग लावशील तो नीट लाव. आणि जमलं तर गिरणी सरळ कर.”

हा ऑस्मंडचा जुना टोमणा. हॅलम बेची गिरणी उजव्या हाताची होती, म्हणजे करवतीकडे तोंड करून उभं राहिलं की ओंडक्याची गाडी उजवीकडून जाई. सोलांजने गाडी डावीकडे काढली होती. ऑस्मंडने हयातभर त्या करवतींना धार लावली होती. चित्र उघडलं त्या दिवशीच त्याने चूक दाखवली, आणि सगळ्या गावाला तेवीस वर्षं हसायला पुरली. शहरातली चित्रकारीण, तिला गिरणी काय कळणार!

“मी दिसलं तसं काढलं,” सोलांज नेहमीप्रमाणे म्हणाली आणि दार लावून घेतलं.

उरली बेरिल. ती बुटकी होती आणि लग्नातून तासभर गायब होती. पण तिला सगळी भिंत हवी होती, एका तोंडाने तिचा काय फायदा? चेपून विचारल्यावर तिने सांगितलं, नवे बूट चावले म्हणून घरी जाऊन गरम पाण्यात पाय घालून बसले होते. पायाचे फोड दाखवलेसुद्धा.

फोड खरे होते.

४

गुरुवारी ऑस्मंडची मुलगी सिग्नी मागच्या ओट्यावर मासे साफ करत होती. ऑस्मंड शेजारी बसून बघत होता. हातात चमचा, शेपटीकडून डोक्याकडे खरड, खरड. रुपेरी खवले उडत होते.

“चमच्याने का गं? सुरी आहे की.”

“सुरीने कातडी फाटते बाबा. ही लेम्पीमावशीची शिकवण. माशांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली होती. म्हणाली, चमच्याची कड घे, खालून वर जा, आणि खवले तिथल्या तिथं गोळा कर, नाहीतर पुढच्या बाईचा पाय घसरतो.”

ऑस्मंड उठला.

“कुठं निघालात? जेवण होतंय!”

तो भिंतीपाशी गेला. चष्मा पुसून गिलाव्याजवळ नाक नेलं. बोटभर रुंदीचे, कडेला गोलसर ओरखडे. एकूण एक कॉलरपासून सुरू होऊन टोपीकडे गेलेले. खालून वर.

भिंत खरवडणारा कोणीही माणूस वरून खाली खरवडतो. खालून वर खरवडतो तो मासे साफ करणारा.

५

“ये. कॉफी तयार आहे,” लेम्पी म्हणाली. खिडकीपाशी आरामखुर्चीत, अंगावर दोन घोंगड्या. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती. “किती दिवस लागले रे तुला? पाच. पूर्वी लवकर लावायचास.”

“काय?”

“धार.”

ऑस्मंड बसला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, सगळं विसरला. “लेम्पी, कशाला केलंस? आता? इतक्या वर्षांनी?”

“डॉक्टर जूनपर्यंत म्हणालाय.” हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. “मी जाणार, त्याचं काही नाही. पण मी गेल्यावरही तो तिथं उभा राहणार ना? बाबांच्या ओळीत, छाती काढून. लोक येणार, दोघांचा एकत्र फोटो घेणार. मी असेपर्यंत एक निदान बघणारी तरी होती, कोण कोण आहे ते जाणणारी. माझ्यामागे कोण?”

“मी आहे की.”

“तू पंचाहत्तरचा आहेस.” ती हसली, मग खोकली. “शनिवारी तुमचा बँडबाजा चालू झाला. म्हटलं, हीच वेळ. काठी टेकत गेले. चार वेळा बसले वाटेत. तासभर लागला. ऑस्मंड, खरं सांगू? इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे काढताना त्याला म्हटलं, आता बघ, खाली कोण आहे ते.”

तिने घोंगडीखालून एक डबा काढला. कॉफीचा जुना पत्र्याचा डबा. आत रंगाची फोलपटं होती, नखाएवढी, कातडीच्या रंगाची, काही निळसर.

“हा घेऊन जा आणि समुद्रात टाक. माझ्याच्याने तिथवर चालवत नाही. मी ज्या मातीत निजणार त्या मातीत हा नको.”

ऑस्मंडने डबा घेतला. वजन काहीच नव्हतं.

“कॅलमला सांगणार?”

“विचारेल तर काय सांगू?”

“सांग, हिंमत असेल तर शवपेटी उचलण्याआधी कोर्टात ने म्हणावं.” आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, “मला एकदा बाबांपाशी ने. जायच्या आत. एवढं कर.”

६

तोंड परत काढलं तर कॅलम कदाचित शांत होईल, असं ऑस्मंडला वाटलं. तो पुन्हा सोलांजकडे गेला.

“काढीन की. कशावरून काढू?” ती म्हणाली. “त्याचा कागदी फोटो कधीच नव्हता. एक जुनी काच होती, पूर्वी फोटो काचेवर घेत तशी. ती तुमच्या संग्रहालयाच्या तळघरात ठेवली, आणि अठ्ठ्याण्णवच्या पुरात तिच्यावरचं चित्र धुऊन गेलं. आता नुसती खिडकीची काच उरलीय.”

“तुझं टिपण? रेखाटन?”

“भिंत हेच माझं रेखाटन. ते तोंड जगात एकाच जागी होतं. आता नाही.”

ऑस्मंड जायला उठला. मग कडू तोंडाने म्हणाला, “नाहीतरी तुझी नजरच उलटी. गाडी डावीकडे काढणारीने तोंड तरी काय बरोबर काढलं असेल!”

सोलांजने सिगारेट फेकली. तेवीस वर्षांचा राग एकदम वर आला.

“ऐक, करवतवाल्या! मी काही मनाने काढत नाही. दिव्यापुढे काच धरली, चित्र भिंतीवर पाडलं, आणि कोळशाने रेघेवर रेघ ओढली. बटण न् बटण. काचेत गाडी डावीकडे होती, म्हणून डावीकडे काढली. माझी नजर उलटी नाही. तुमची गिरणी उलटी असेल!”

“गिरणी उलटी नव्हती,” ऑस्मंड म्हणाला.

“मग?”

“काच.” त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “काचेला दोन अंगं असतात, सोलांज. दिव्याकडे कुठलं धरलंस?”

ती बोलायला गेली आणि थांबली. “त्यात अक्षर एकही नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “अक्षर असतं तर कळलं असतं.”

“आणि पाटीवरची नावं?”

“वर्तमानपत्राच्या कात्रणावरून. डावीकडून अमुक, तमुक. कात्रणात फोटो नव्हता, नुसती नावं.”

चित्र आरशातल्यासारखं उलटलेलं, आणि नावं मात्र सुलट. सातांमधला मधला चौथा तेवढा आपल्या नावावर उभा. बाकी सगळे दुसऱ्याच्या. पहिला तो सातवा. दुसरा तो...

ऑस्मंडने कोटाचा खिसा चाचपला. डबा अजून तिथंच होता. समुद्राकडे जायला त्याला वेळ झाला नव्हता.

७

तरीही त्याने तपासलं. आशा मेलेली कळल्याखेरीज माणूस तिला पुरत नाही.

भिंतीपुढे उभं राहून त्याने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग त्या सातांकडे. सातही जणांच्या सदऱ्यांची बटणं बायकांच्या झग्यासारखी, उलट्या बाजूला. इतकी वर्षं तो ही बटणं पुसत होता.

मग सहावा माणूस. गुळगुळीत गालाचा. त्याची एक पापणी खाली आलेली होती.

तिथून तो थेट बेकरीत गेला. कॅलम पावाच्या पाट्या लावत होता. “बोला काका. आठवडा भरला.”

ऑस्मंड त्याच्या पापणीकडे बघत राहिला. “दार लाव,” तो म्हणाला.

सगळं ऐकून झाल्यावर कॅलम पिठाच्या पोत्यावर बसला. बराच वेळ त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, आणि गुडघे पांढरे झाले होते.

“म्हणजे मी सहा वर्षं रोज सकाळी ज्याला हात दाखवत होतो...”

“तोईवो साल्मेला.”

“आणि ती बाई तेवीस वर्षं ज्याच्या गालाला...”

“हो.”

“आणि तिने स्वतःच्या हाताने...” तो उठला. “पाटी बदलू या, काका. आज बदलू.”

“बदललीस तर ती वाचेल.”

“नाही बदलली तर?”

“तर जन्मभर जे खोटं होतं ते तसंच राहील.”

“मग करायचं काय?”

करवतीचा दात मोडला तर दुसरा बसवता येतो. पातं वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. पाच फुटी पातं त्याने डोळे मिटून सरळ केलं होतं. गुन्हेगार सापडला होता, कारण सापडलं होतं, एकूण एक ओरखड्याचा हिशेब लागला होता. आणि या सगळ्याचा उपयोग काय, तर ज्या म्हातारीला आयुष्यात एकदाच बरं वाटलं, तिचं ते बरं वाटणं हिसकावून घेता येत होतं. दुसरं काही करता येत नव्हतं.

“पोलिसांना फोन करू नकोस,” तो एवढंच म्हणाला.

“मी काय जनावर आहे का?” कॅलम म्हणाला, आणि रडायला लागला.

८

तीस तारखेला, शनिवारी दुपारी, ऑस्मंडने लेम्पीला चाकाच्या खुर्चीतून भिंतीपाशी आणलं. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला वेलदोड्याचा पाव, सिग्नीने भाजलेला. पर्यटकांची एक बस नुकतीच गेली होती.

दुसऱ्या माणसाच्या पांढऱ्या तोंडाकडे बघून ती समाधानाने म्हणाली, “झकास काम झालंय. टोपी राहिली तेवढी.”

खुर्ची ऑस्मंडने ओळीच्या पलीकडच्या टोकाला, सहाव्यापाशी नेली.

कॅलम लांब कोपऱ्यावर उभा होता. येऊ नकोस असं त्याला सांगितलं होतं. तरी आला होता. लेम्पीची नजर अजून तीक्ष्ण होती.

“तो त्याचा नातू ना? बोलव त्याला.”

“कशाला, लेम्पी? त्रास होईल तुला.”

“आईची शपथ सत्तर वर्षं पाळली. आता त्या म्हाताऱ्याला तोंडच उरलं नाही, तर शपथ कशाची? बोलव. एकदा बघू दे, मॅक्रिमन दिसतात कसे ते.”

कॅलम आला. टोपी काढून तिच्यापुढे, भिंतीला पाठ करून उभा राहिला, आणि तो उभा राहिला तो नेमका सहाव्या माणसाच्या शेजारी. ऑस्मंडच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

लेम्पीने त्याच्याकडे पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटी. मग तिची नजर त्याच्या पापणीवर थांबली. तिथून ती हळूहळू भिंतीवर सरकली. मग परत कॅलमवर आली. असं तीनदा झालं. वारा सुटला होता, पावावरचं फडकं उडत होतं, आणि ते धरायचं तिला सुचलं नाही.

“ऑस्मंड,” ती म्हणाली, “गिरणी कुठल्या हाताची होती रे?”

त्याने खुर्चीची मूठ घट्ट धरली. अख्ख्या गावाला पाठ असलेली गोष्ट. त्यानेच पाठ करवलेली.

“डाव्या हाताची,” तो म्हणाला.

“तू तर आयुष्यभर त्या चित्रकारणीला हसलास.”

“माझीच चूक होती. आता ध्यानात आलं. म्हातारपण.”

“ऑस्मंडकाका म्हणतात ते खरं आहे, आजी,” कॅलम घाईने म्हणाला.

“तुला कुणी विचारलं? तू पाव भाज.”

मग तिने हात उचलला. नेहमीसारखा, त्या गुळगुळीत गालाकडे. हात अर्ध्यावर गेला. बोटं हवेत थांबली, आणि तिने हात परत मांडीवर घेतला.

“डाव्या हाताची,” ती स्वतःशी म्हणाली. “हं.” आणि थोड्या वेळाने, “थंडी वाजतेय मला. घरी चल.”

पाव तिने कुठेच ठेवला नाही. घरी परत नेला.

वाटेत ती एकदाच बोलली. “तो डबा टाकलास समुद्रात?”

“टाकला,” ऑस्मंड म्हणाला. एका दुपारी त्याचं हे दुसरं खोटं.

तिला कळलं होतं की नाही, हे ऑस्मंडने पुढच्या चार दिवसांत विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

९

तिची शवपेटी बंद करायच्या आधी ऑस्मंडने सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर जायला सांगितलं. कॉफीचा डबा त्याने तिच्या उजव्या हाताखाली सरकवला आणि वरून शाल ओढली. पेटी उचलणाऱ्या सहा जणांत कॅलम होता.

पाटी बदलली नाही. दुसऱ्या माणसाला अजून तोंड नाही. खाऱ्या हवेने रंग गेला, असं वाटाडे सांगतात. ऑस्मंड अजून भिंत धुतो. सहाव्याचा गालही आता तो फडक्याने पुसतो. आणि कोणी बटणांकडे किंवा ओंडक्याच्या गाडीकडे बोट दाखवून हसलं, तर तो सांगतो, गिरणी डाव्या हाताची होती.

तोईवो साल्मेला नऊ मे १९३८ रोजी, सोमवारी, करवतीखाली मेला. वय एकतीस. अँगस मॅक्रिमन १९६४ च्या हिवाळ्यात आपल्या अंथरुणात मेला. लेम्पी साल्मेला चार जून २००९ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारली. वय सत्याहत्तर.